एकच चूक पुन्हा पुन्हा का होते? छोट्या धंदेवाल्यांनी समजून घ्यावी अशी गोष्ट

आपल्या समाजातली बरीच घरं छोट्या धंद्यावर चालतात. बेकरी, शिलाईचं दुकान, गॅरेज, किराणा, फळांची गाडी, भंगार, पॉवरलूमचे चार माग, नाहीतर घरातूनच चालणारा मसाल्याचा किंवा डब्यांचा व्यवसाय. या धंद्यांत मेहनतीची कमी नसते. फजरनंतर शटर उघडणारा माणूस रात्री अकराला घरी परततो. तरीही महिन्याच्या शेवटी हिशेब बसत नाही. विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: मंदी आहे, महागाई आहे, गिऱ्हाईक फिरलं. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण असतं आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ते म्हणजे रोज होणाऱ्या बारीकसारीक चुका. त्याही नव्या नव्हेत, त्याच त्या.

चूक झाली की आपल्याकडे काय होतं ते बघा. माल चुकीचा गेला, कपडा जळाला, उधारी बुडाली, की पहिला प्रश्न येतो, “कुणी केलं हे?” नाव सापडतं. पोराला चार माणसांसमोर झापलं जातं. मालकाचा राग शांत होतो आणि विषय संपतो. आठ-पंधरा दिवसांनी तीच चूक परत होते, कधी त्याच पोराकडून, कधी दुसऱ्याकडून. नुकसान मात्र प्रत्येक वेळी गल्ल्यातूनच जातं.

म्हणजे चुकीची किंमत आपण पूर्ण मोजतो, पण त्यातून मिळणारा धडा दुकानात तसाच सोडून येतो. तो कसा उचलायचा, हे एका जुन्या आणि खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ.

धागा तुटला की थांबणारा माग

टोयोटा ही गाड्यांची जपानी कंपनी सगळ्यांना माहीत आहे. पण या घराण्याची सुरुवात गाड्यांपासून झाली नाही, मागापासून झाली. साकिची टोयोडा (१८६७ ते १९३०) हे जपानमधल्या एका सुताराचे चिरंजीव. हातमागात सुधारणा करत करत ते यंत्रमागापर्यंत पोहोचले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना त्यांची अडचण लगेच कळेल. माग चालू असतो, धागा तुटतो, पण माग थांबत नाही. तो तसाच पुढे विणत राहतो आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत हातभर कापड खराब होतं. म्हणून प्रत्येक मागाकडे डोळे लावून बसायला माणूस लागतो.

टोयोडांनी असा माग बनवला की धागा तुटला की तो आपोआप थांबतो. त्यांचा १९२४ चा स्वयंचलित माग यासाठीच प्रसिद्ध झाला. एक कामगार अनेक माग सांभाळू शकू लागला, कारण त्याला सगळीकडे पाहात बसायची गरज राहिली नाही. जो माग थांबेल तिकडे जायचं, एवढंच. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेण्याचा करार केला. पुढे साकिचींचे चिरंजीव किइचिरो मोटारींच्या धंद्यात उतरले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

माग बदलून मोटार आली, पण विचार तोच राहिला: बिघाड झाला की थांबा, खराब माल पुढे जाऊ देऊ नका. टोयोटाच्या कारखान्यात कामगारांच्या हाताशी एक दोरी असते. काही गडबड दिसली की साध्या कामगारालाही ती ओढायचा अधिकार आहे. दोरी ओढली की दिवा लागतो, वरचा माणूस धावत येतो आणि अडचण लगेच सुटली नाही तर ओळीतलं काम थांबतं. काम थांबवलं म्हणून कामगाराला बोलणी खावी लागत नाहीत. उलट, अडचण दिसूनही दोरी न ओढणं हा तिथे दोष समजतात.

आता हीच गोष्ट आपल्या दुकानात आणून बघा. बेकरीतल्या पोराला पिठाचा वास वेगळा वाटला, तर तो उस्तादला थांबवून सांगू शकतो का? की “तुला काय कळतं, मळ पटकन” असं ऐकायला मिळेल म्हणून गप्प बसतो? तो गप्प बसला तर संध्याकाळी सगळे पाव परत येतात. तुमचा माग धागा तुटल्यावरही चालतच राहिला.

पाच वेळा ‘का’ विचारा

थांबल्यानंतर काय करायचं? टोयोटात ताइइची ओहनो नावाचे इंजिनियर होऊन गेले. त्यांनीही कामाची सुरुवात टोयोडांच्या कापड गिरणीत केली होती. बिघाड झाला की एकदा नव्हे, पाच वेळा ‘का’ विचारा, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी दिलेलं उदाहरण साधं आहे. मशीन बंद पडलं. का? भार जास्त झाला आणि फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. का मिळत नव्हतं? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, म्हणून लोखंडाचा कीस आत जात होता.

पहिल्याच ‘का’वर थांबलो असतो तर नवा फ्यूज बसवला असता आणि काही दिवसांनी तो पुन्हा उडाला असता. पाचव्या ‘का’पर्यंत गेल्यावर कळलं की गरज एका गाळणीची आहे. आपण पोराला रागावतो तेव्हा नेमकं हेच करतो. फ्यूज बदलतो, गाळणी बसवत नाही.

शिलाईच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. समजा, चाँदरातीला गिऱ्हाईक कुर्ता न्यायला आलं आणि कुर्ता शिवलेलाच नाही. सकाळी ईदची नमाज आहे. काउंटरवर आरडाओरडा सुरू आहे.

का शिवला नाही? कटिंगच उशिरा झालं. कटिंग उशिरा का झालं? कापड सापडत नव्हतं, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलं होतं. तिथे का गेलं? कापडाला चिठ्ठी टाचलेली नव्हती, नंबर फक्त वहीत होता. चिठ्ठी का नव्हती? काउंटरवर जो बसेल तो आपल्या पद्धतीने ऑर्डर लिहितो. असं का? कापड आलं की काय काय करायचं, हे कुणी ठरवूनच दिलेलं नाही.

पाहा, पाच पायऱ्या उतरल्यावर कारीगराचं नावसुद्धा आलं नाही. उपाय काय? दोन भागांचं पावती पुस्तक. एकच नंबर दोन्हीकडे, एक भाग गिऱ्हाइकाला, दुसरा लगेच कापडाला टाचायचा. चिठ्ठी नसलेलं कापड कटिंगच्या टेबलावर जाणार नाही, हा नियम. खर्च शंभर-दोनशे रुपये.

याच चुकीची दुसरी बाजूही असते. ऑर्डर किती घ्यायच्या हे आपण मोजतो का? समजा दुकानात तीन मशीन आहेत आणि एका मशीनवर दिवसाला चार कुर्ते होतात. म्हणजे दिवसाचे १२. रमजानमधले कामाचे २५ दिवस धरले तर ३०० कुर्ते. पण लाईट जाते, कारीगर आजारी पडतो, इफ्तारच्या वेळी हात थांबतात. त्यासाठी १५ टक्के, म्हणजे ४५ कुर्ते कमी केले तर २५५ उरतात. म्हणजे २५० झाले की “ऑर्डर बंद” ची पाटी लावायची. गिऱ्हाईक तोडायचं नाही म्हणून ३२० घेतल्या, तर शेवटी ६५ घरांची ईद खराब होते आणि पुढच्या वर्षी ती घरं दुसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढतात. नाही म्हणालो म्हणून दुखावलेलं गिऱ्हाईक परत येतं. हो म्हणून फसवलेलं येत नाही.

‘मूर्ख’ हा शब्द का बदलला?

जपानमधलेच शिगेओ शिंगो हे कारखान्यांना सल्ला देणारे इंजिनियर. १९६१ मध्ये त्यांच्यासमोर एक अडचण आली. एका कारखान्यात कामगार छोटं बटण जुळवायचे. त्यात दोन स्प्रिंगा बसवायच्या असत. कधीकधी एखादी राहून जायची आणि तक्रार यायची. मालक रागवायचे, काही दिवस सगळे जपून काम करायचे, मग पुन्हा तेच. शिंगोंनी पद्धत बदलली. आधी दोन स्प्रिंगा एका छोट्या ताटलीत काढून ठेवायच्या आणि मग बसवायच्या. काम झाल्यावर ताटलीत स्प्रिंग दिसली तर समजायचं की एक राहिली. ना भाषण, ना दंड. फक्त एक ताटली.

अशा युक्त्यांना ते सुरुवातीला जे नाव वापरत त्याचा अर्थ ‘मूर्खापासून बचाव’ असा होत होता. एका कारखान्यात हे ऐकून एका कामगार महिलेला रडू कोसळलं. मी काय मूर्ख आहे का, हा तिचा सवाल होता. शिंगोंनी नाव बदललं. नव्या नावाचा, ‘पोका-योके’चा, अर्थ ‘नजरचुकीपासून बचाव’ असा होतो. फरक एका शब्दाचा आहे, पण मोठा आहे. माणूस मूर्ख नसतो, त्याच्याकडून नजरचूक होते. आणि नजरचूक हुशारातल्या हुशार माणसाकडूनही होते.

आपल्याकडे अशा ताटल्या सहज लावता येतात. गॅरेजमध्ये काढलेले नटबोल्ट एकाच ट्रेमध्ये ठेवा, गाडी जोडल्यावर ट्रे रिकामा पाहिजे. केटरिंगच्या टेंपोत सामान चढवताना यादीवर खूण करा, आठवणीवर सोडू नका. मेडिकलमध्ये सारख्या नावांच्या गोळ्या शेजारी ठेवू नका. किराणा दुकानात जुना माल पुढे, नवा मागे. यातलं काहीही मोठ्या शिक्षणाचं काम नाही.

रागावण्याची खरी किंमत

शिक्षक म्हणून एक गोष्ट वर्गात वारंवार दिसते. ज्या मुलाला चुकीबद्दल मार किंवा टोमणे मिळतात, ते मूल चुका कमी करत नाही. ते चुका लपवायला शिकतं. वहीचं पान फाडतं, दुसऱ्याचं उत्तर उतरवतं, “समजलं का?” विचारलं की मान डोलावतं. वही स्वच्छ दिसते आणि डोक्यात गोंधळ तसाच राहतो.

दुकानातही हेच होतं. ज्याला शिव्या मिळतात तो कामगार जळालेला कपडा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतो. सांडलेल्या तेलाचा हिशेब दुसरीकडे जुळवतो. मालकाला वाटतं, आता सगळं ठीक चाललंय. खरं कळतं ते गिऱ्हाइकाकडून, आणि तेही नशीब चांगलं असेल तर. कारण तक्रार करणारं गिऱ्हाईक निदान बोलतं तरी. बाकीचे निमूटपणे दुसरं दुकान धरतात. म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी वाद घालण्याआधी त्याला पाणी विचारा. तो फुकटात तुम्हाला तुमच्या दुकानाची बातमी देतोय.

चुकांची वही

यासाठी कंप्युटर लागत नाही. वीस रुपयांची वही पुरते. पाच रकाने आखा: तारीख, काय झालं, किती नुकसान, का झालं, काय बदललं. नाव लिहायचा रकाना मुद्दाम ठेवू नका. नाव लिहायला लागलात की वही शिक्षेची होते आणि मग तिच्यात खरं काहीच येत नाही.

महिन्याने वही उघडली की नमुना दिसू लागतो. पाव परत येण्याचे पाच प्रसंग असतील आणि त्यातले चार सोमवारचे असतील, तर मग प्रश्न पडतो की रविवारी रात्री काय वेगळं होतं. एकेक चूक सुटी पाहिली तर हे कधीच लक्षात येत नाही.

लिहिण्याची सवय आपल्याला परकी नाही. कुरआन शरीफमधली सगळ्यात लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार आहे. मुदत ठरवून घेतलेलं कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, असं तिथे सांगितलं आहे. तरीही आपल्या कितीतरी दुकानांत उधारी तोंडी चालते. “अरे, तो आपलाच आहे” म्हणून लिहिलं जात नाही. पुढे रकमेवरून वाद होतो, मग पैसा पण जातो आणि नातं पण. उधारी लिहिताना तीन गोष्टी लिहा: रक्कम, आजची तारीख आणि परत देण्याची कबूल केलेली तारीख. उधारी बुडाली तर चुकांच्या वहीत विचारा, मर्यादा ठरली होती का? जुनी बाकी असताना नवा माल का दिला? त्यातूनच तुमचा नियम तयार होईल.

हिशेबात न धरलेली मेहनत

एक चूक अशी आहे की ती चूक वाटतच नाही. घरातल्या माणसांची मेहनत शून्य धरणं. डबे पुरवणाऱ्या भगिनीचं उदाहरण घ्या. समजा एका डब्याचे महिन्याला २,००० रुपये मिळतात. किराणा आणि भाजीला १,५०० जातात. तिला वाटतं, ५०० नफा. पण गॅसचे १५०, डबा पोहोचवणाऱ्या मुलाचे २०० आणि भांडी-साबणाचे ५० काढले तर उरतात १००. दहा डब्यांचे महिन्याला १,००० रुपये. ती रोज तीन तास राबते. २६ दिवसांचे ७८ तास होतात. म्हणजे तासाला तेरा रुपयेसुद्धा पडत नाहीत.

हे कागदावर आलं की मार्ग शोधता येतो. भाव थोडा वाढवायचा, एकाच रस्त्यावरची गिऱ्हाइकं घ्यायची, नाहीतर महाग भाजीचे दिवस कमी करायचे. कागदावर आलंच नाही, तर ती आणखी पाच डबे वाढवते आणि आणखी थकते. यात हातभार लावणाऱ्या मुलीचा अभ्यास बुडाला तर ते नुकसान कुठल्याच वहीत येत नाही.

अब्बांना कोण सांगणार?

घरच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. पोरांच्या चुका सगळे काढतात. पण भाव चुकवला तो अब्बांनी, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून महाग माल घेतला तो मोठ्या भाईंनी, हे बोलणार कोण? बोललं तर बेअदबी, न बोललं तर नुकसान. बरेच तरुण मग गप्प राहतात, आणि एक दिवस धंदाच सोडून नोकरीला जातात. घरातल्यांना वाटतं, पोराला धंद्याची आवड नाही.

यावर एक साधा उपाय आहे. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या नमाजनंतर किंवा दुकान बंद झाल्यावर, अर्धा तास वही घेऊन बसा. आणि पहिली चूक घरातल्या मोठ्याने स्वतःची सांगावी. “या आठवड्यात माल मी जास्त भरला, माझा अंदाज चुकला.” एवढं एक वाक्य मोठ्यांच्या तोंडून आलं की लहानांची जीभ मोकळी होते. अदब कमी होत नाही. उलट, वडील स्वतःची चूक सांगू शकतात हे पाहून मुलं तेच शिकतात.

काही गोष्टींची काळजी

प्रत्येक नुकसान चुकीमुळे होत नाही. दुकानासमोरचा रस्ता खोदला म्हणून विक्री घटली असेल तर पद्धत बदलून उपयोग नाही. एकाच घटनेवरून घाईने सगळं उलटंपालटं करू नका. तसंच नजरचूक आणि चोरी यात गल्लत नको. मुद्दाम केलेल्या बेईमानीला माफीची वही नसते. पण चोरी सापडली तरी गल्ला मोजण्याची पद्धत काय होती, हा प्रश्न विचाराच.

आणि एकदा शिकलो म्हणजे कायमचं शिकलो असंही नसतं. ज्या टोयोटाचं उदाहरण वर दिलं, तिच्यावरच २००९-१० मध्ये जगभरातून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची वेळ आली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अकिओ टोयोडा, म्हणजे साकिचींचे पणतू, फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर हजर झाले. माफी मागून त्यांनी मान्य केलं की कंपनी फार वेगाने वाढली आणि काय आधी, काय नंतर याचा क्रम बिघडला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला भर सभेत आपली चूक सांगता येते, तर आपल्या चार माणसांच्या दुकानात ती सांगायला हरकत नसावी.

या आठवड्यात एवढंच करून बघा. एक वही आणा. पहिल्या पानावर मागच्या महिन्यात दोनदा झालेली एक चूक लिहा आणि तिच्यापुढे पाच वेळा ‘का’ लिहा. शेवटच्या ‘का’ला जे उत्तर येईल, तेवढं एकच बदला. मग महिन्याने तेच पान उघडा आणि ती चूक पुन्हा झाली का ते बघा. झाली असेल तर आणखी एक ‘का’ बाकी आहे, असं समजा.